अध्यायदादांचे दात

माझ्या मोठ्या दिरांना घरात सगळे पाठीमागे अध्यायदादा म्हणायचे. एकदा सुरू झाले की अध्याय संपल्याशिवाय थांबायचे नाहीत. तसे ते बँकेत मॅनेजर. पण त्यांनी बारा आठवड्यांचा ‘प्राचीन ज्ञान, आधुनिक मन’ नावाचा ऑनलाइन वर्ग केला, त्याचं प्रमाणपत्र काचेत बसवून दिवाणखान्यात टांगलं, आणि त्या दिवसापासून ओळखीपाळखीत कुणाला साधं दुःखसुद्धा निवांत करता येईना. कुणाचा घटस्फोट होवो, कुणाची नोकरी जावो, दादा हजर. एक संस्कृत ओळ, तिचा अर्थ, मग श्वास आत, श्वास बाहेर. समोरच्याने मान डोलावली की दादा खूश. तो मान डोलावतोय ते सुटका व्हावी म्हणून, हे त्यांच्या गावीही नसायचं.

माझा नवरा चव्वेचाळिसाव्या वर्षी बॅडमिंटन खेळता खेळता कोसळला तो उठलाच नाही. चौथ्या दिवशी दादा आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि देह म्हणजे जुने कपडे या विषयावर पाऊण तास बोलले. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ गेला होता, पण डोळ्यांत टिपूस नाही. मी बाल्कनीतल्या दोरीवरचा त्याचा खेळायचा टी-शर्ट बघत होते. दोनदाच घातला होता त्याने.

“रडणं म्हणजे आसक्ती,” दादा उठताना म्हणाले. “साक्षीभावाने बघायला शीक.”

“बरं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं येतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओतून साचे काढतो आणि त्यावर कॅप, कवळ्या बनवतो. तीन महिन्यांनी मी कामावर परत गेले. थोड्याच दिवसांत आमच्या मालकीणबाईंना वाटलं की कामगारांवर ताण फार आहे. काम कमी करायचं सोडून त्यांनी व्याख्यान ठेवलं. व्याख्याते कोण? दादा. फुकट येतात ना!

आम्ही अकरा जण प्लास्टरने पांढरे झालेले ॲप्रन घालून स्टुलांवर बसलो. दादांनी सुखदुःख समान कसं मानावं ते समजावलं, आणि मग माझ्याकडे हात केला.

“उदाहरण लांब शोधायला नको. ही माझी भावजय. एवढा आघात झाला, पण तीन महिन्यांत कामावर हजर! यालाच म्हणतात स्थितप्रज्ञ.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानांतून धूर निघाला असावा.

“दादा,” मी उभी राहिले, “मी कामावर आले ती घर खायला उठतं म्हणून. रोज सकाळी नळ सोडून, तोंडात टॉवेल कोंबून रडते मी. त्याला संस्कृतात काय म्हणतात?”

पॉलिशचं काम करणारे काका उगाचच खोकले.

“हे बघ, तुझं मन अजून...”

“आणि रणांगणावरची ती गोष्ट तुम्ही अर्धीच वाचलीत. माझ्या वडिलांनी मला पूर्ण सांगितली होती. त्यात तो योद्धा थरथर कापतो, रडतो, धनुष्य टाकून मटकन खाली बसतो. सारथी त्याचं सगळं ऐकून घेतो. मग योद्धा स्वतःच म्हणतो की मला काही सुचत नाही, तू सांग. तेव्हा कुठे शिकवणं सुरू होतं. मी तुम्हाला विचारलं होतं?”

दादांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला आणि व्याख्यान आटोपतं घेतलं.

मान-अपमान सारखेच मानणारे हे गृहस्थ पुढे दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. “अगं, तुझं नाव काढलं तरी ताटावरून उठतात,” जाऊबाईंनी फोनवर सांगितलं. मी पोटभर हसले. खूप दिवसांनी हसले.

मग एके दिवशी दवाखान्यातून आलेल्या खोक्यात एक माप होतं, चिठ्ठीवर दादांचं नाव. झोपेत दात खातात म्हणून वरच्या दातांवर घालायची प्लास्टिकची खोळ हवी होती. मी साचा काढला. दाढा घासून घासून पाटीसारख्या सपाट झाल्या होत्या. सुळ्यांची टोकं उडाली होती. एक दात तडकलेला.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? साचा घेऊन मी काकांकडे गेले. “बघा, स्थितप्रज्ञाचे दात!”

काकांनी तो उजेडात फिरवला. “हा पुढचा दात बघ, शेजाऱ्यावर चढलाय. जन्मजात आहे हे.”

मी पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. तसाच दात, त्याच बाजूचा, माझ्या नवऱ्याला होता. तो हसला की आधी तोच दिसायचा.

खोळ मी स्वतः बनवली. डॉक्टरांना विचारून शनिवारी दुपारी दादांकडे घेऊन गेले.

“दवाखान्यातून मिळाली असती,” दादा म्हणाले.

“नीट बसते का बघायला आले. कधीपासून दात खाताय?”

“सहा महिने,” जाऊबाई आतून म्हणाल्या. “रात्रभर करकर, करकर. भाऊजी गेले तेव्हापासून.”

“शरीराचे भोग आहेत,” दादांनी सुरुवात केली. “आत्मा मात्र...”

“दादा.”

ते थांबले. खोळ हातात घेऊन उलटसुलट केली.

“त्या सकाळी त्याचा फोन आला होता,” ते म्हणाले. “मी घेतला नाही. रविवारच्या व्याख्यानाची टिपणं काढत होतो. विषय होता, नात्यांतला मोह.”

आणि ते रडले. बेढब, नाक वाहेपर्यंत. मला त्यांच्याच चार ओळी तोंडपाठ होत्या आणि जिभेवर आल्याही होत्या. मी गिळल्या. त्यांना माफ वगैरे केलं नव्हतं. फक्त तिथून उठले नाही. जाऊबाई चहा ठेवून गेल्या. दादा भावाच्या लहानपणीचं सांगत राहिले आणि मी ऐकत राहिले. त्यातलं बरंचसं मला माहीतच नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांच्या इमारतीच्या हॉलमधल्या नेहमीच्या व्याख्यानात त्यांनी त्या फोनची गोष्ट सांगितली आणि दहा मिनिटांत खाली बसले. त्यानंतर चाळीसातल्या जेमतेम बारा खुर्च्या भरू लागल्या. मी जाते, मागे बसते. एकदा एका बाईंनी विचारलं, “मुलगा माझ्याशी बोलत नाही, काय करू?” दादा म्हणाले, “मला माहीत नाही. काय झालं ते सांगा.” बाई बोलत राहिल्या, आणि लोक घड्याळं बघायला लागले.

निघताना एक टापटीप गृहस्थ माझ्याजवळ आले. “यांना काही झालंय का हो? पूर्वी किती छान बोलायचे!”

“भाऊ गेला त्यांचा.”

“अरेरे! पण ज्ञानी माणसाने एवढं मनाला लावून घ्यावं?” असं म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं. समोरच्या इमारतीत नवे गुरुजी आले होते, सात दिवसांत दुःखमुक्ती. उशीर नको म्हणून गृहस्थ दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.