कडेकडेनं गेलेला उजेड

हुरड्याच्या दिवसांत सकाळचं ऊन ओसरीवर तिरपं उतरायचं आणि माझी बायको कौसल्या त्या उन्हाकडं तोंड करून बसायची. डोळे उघडे, मान जराशी वर, जणू ऊन ही बघायची नव्हे, ऐकायची वस्तू आहे. ओसरी आहे, ऊनही वेळेवर येतं. बसणारं माणूस तेवढं नाही.

तिचे डोळे काचबिंदूनं नेले. कसे नेले, तर वाईट शेजारी बांध कोरतो तसे. दर नांगरटीला तो हातभर आत सरकतो, आपलं लक्ष मधल्या डोलत्या पिकावर, सगळं रान आपलंच वाटतं, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा उरलेली नसते. दाराची चौकट तिच्या खांद्याला लागायची, बाजूनं आलेली म्हैस तिला दिसायची नाही. गाव म्हणालं, मोतीबिंदू असंल, पिकू द्या, पिकला की काढतील. आम्ही पिकायची वाट बघितली. आमच्या बेंबळी गावच्या काळ्या रानात सगळं पिकतं. हे पिकत नाही, नुसतं खातं, हे ठाऊक नव्हतं. धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलं, तोवर एका डोळ्यात विझत्या चुलीएवढा उजेड उरला होता.

दुसरी असती तर कोपरा धरून बसली असती. हिनं बाजाराच्या दिवशी समाजमंदिरात काचबिंदूवाल्यांची बैठक मांडली. बाजाराला येताच, तर पिशवीसंगं डोळेबी घेऊन या, म्हणायची. पारावरचे टवाळ त्या बैठकीला ‘आंधळ्यांची पंचायत’ म्हणायचे.

"व्हय, पंचायतच हाय. या, तुमचाबी निकाल लावू," ती म्हणायची.

औषधाच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेल्या असायच्या. माणसं भिंतीला टेकून, पिलांनी चोची वर कराव्यात तशी तोंडं वर करायची, आणि ती चाचपत एकेकापाशी जायची. करंगळी गालाच्या हाडावर टेकायची, खालची पापणी ओढायची, थेंब सोडायची. बांगडीसुद्धा वाजायची नाही. घरी रोज कसा टाकायचा, ते सोबतच्या माणसाला शिकवायची. नवं आलेलं माणूस हटकून विचारायचं, यानं दिसंल का?

"न्हाय. गेलेलं येत न्हाय. हाय तेवढं राखायचं."

कुणी हुंदका दिला की लगेच, "थांबा, थेंब मुरू द्या. मग रडा."

आमच्या गल्लीतले महबूबभाई शिंपी एकटेच राहतात. एकच डोळा उरलेला, हात कापरा; स्वतः टाकला की थेंब दाढीत. म्हणून ते रोज सांजच्याला आमच्या ओसरीवर यायचे. एक आंधळी बाई त्यांची नजर राखायची.

फाल्गुनात कौसल्या झोपेतच गेली. समाजमंदिराची किल्ली मी खुंटीला टांगली आणि दार लावून घेतलं. कोण आलं, कोण गेलं, मी बघितलं नाही. बैठक मोडली.

आखाडात एका संध्याकाळी महबूबभाई आले. चौकट त्यांच्या खांद्याला लागली. तो आवाज मला वळखीचा होता.

"तात्या, भाभी गेल्यापास्नं थेंब बंद हाय. आता मशीनची सुईबी दिसंना."

"माझ्यानं व्हायचं न्हाय. जावा तुम्ही."

"जातो की. पर आजचा टाका, मग जातो."

असं म्हणून ते तिच्या जागेवर बसले, बाटलीवरचं फडकं सोडलं, हनुवटी वर केली. तिच्या डोळ्यात रोज मीच थेंब टाकायचो. हाताला वाट ठाऊक होती. करंगळी परक्या गालावर टेकली. थेंब पडला. महबूबभाई डोळा मिटून हळूच म्हणाले, "तात्या, थेंब मला टाकलाय. तुम्ही रडलात तरी चालतंय."

पुढल्या बाजारी मी समाजमंदिर उघडलं. भिंत अर्धी रिकामी राहिली. महबूबभाईंची गेलेली नजर आली नाही, येणारही नाही.

लोक म्हणतात, दुःखबी पिकतं, पिकलं की आपसूक गळतं. खोटं आहे. तिची चाल आता आठवत नाही, आवाजही कडेनं झिजत चाललाय. काळ बांध कोरतोय आणि मी मधल्या त्या उन्हाकडं वर केलेल्या तिच्या तोंडाला धरून बसलोय. गेलेलं येत नाही. आहे तेवढं रोज सांजच्याला, करंगळी टेकवून, राखायचं.