आधी पिशवी, मग होडी

मित्रांनो, मी एक जुनी पाठपिशवी आहे आणि माझ्या अंगाला अजूनही ट्रकच्या ताडपत्रीचा वास येतो. ताडपत्र्या शिवणाऱ्या ताईने उरल्यासुरल्या तुकड्यांतून मला तिच्या धाकट्या भावासाठी शिवलं. भाऊ नळकाम करतो. सुट्टी मिळाली की एकटाच एक हलकी होडी घेऊन तळ्यांवर जातो. एक तळं संपलं की होडी डोक्यावर घ्यायची, रानातून चालायचं आणि पुढच्या तळ्यात सोडायची. त्याला हा नाद लागल्यापासून ताईच्या जिवाला घोर आहे.

मला भरायची त्याची शिस्त ठरलेली. तळाशी कोरडे कपडे आणि काड्यापेटी, मध्ये खाणं, सगळ्यांत वर पावसाचं कापड. चालण्याचीही शिस्त होती. आधी पिशवी पलीकडे पोचवायची, मग परत येऊन होडी न्यायची. काही झालं तरी ऊब पुढे गेलेली असते.

ताईने माझ्या झाकणाला लांब, भडक नारिंगी पट्टी शिवली तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी रानात चाललोय की सर्कशीत?"

"हरवलास की कळेल," ताई म्हणाली.

निघताना त्याने पट्टी झाकणाखाली दुमडून टाकली. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी वारा पिसाळला होता. होडी उडून जाईल या भीतीने त्याने आधी होडी उचलली. मला एका झाडाला टेकवलं, घाईघाईत दोनपैकी एकच बक्कल लावलं आणि तो गेला. थोड्या वेळाने लांबून धप्पकन आवाज आला, पाठोपाठ एक शिवी. मग काहीच ऐकू येईना.

उजेड उतरू लागला. कोरडे कपडे माझ्या पोटात, काड्यापेटी माझ्या पोटात आणि मला मेलीला पाय नाहीत!

शेवटी तो आला. ओढ्यात पडून नखशिखान्त भिजला होता, दात वाजत होते. वाट चुकून भलत्याच बाजूने आला होता. मी मातकट, झाडंही मातकट. तो माझ्यासमोरून तसाच पुढे गेला, परत आला.

"इथेच तर ठेवली होती... इथेच..." त्याची जीभ अडखळत होती. मग तो मटकन खाली बसला आणि मी हादरले. गारठलेला माणूस एकदा बसला की त्याला उठावंसं वाटत नाही.

तेवढ्यात वाऱ्याने माझं झाकण सुट्या बाजूने उचललं. पट्टी बाहेर पडून फडफडू लागली. त्याने मान वर केली.

"ताई गं!" म्हणत तो रांगतच माझ्यापाशी आला. बोटं इतकी बधिर झाली होती की लावलेलं बक्कल त्याने दातांनी सोडवलं. त्या दातांची खूण माझ्या बक्कलाच्या पट्ट्यावर अजून आहे.

घरी आल्यावर त्याने स्वतः सुई-दोरा घेतला आणि ती पट्टी झाकणावर बाहेरून पक्की शिवून टाकली.

ताईने ते वेडेवाकडे टाके पाहिले. "कुठल्या गाढवाने शिवलंय हे?"

"ज्याला सर्कस वाटली होती, त्यानेच," तो खाली बघत म्हणाला.

आता प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक काड्यापेटी त्याच्या खिशातही असते आणि पहिली फेरी माझी. मित्रांनो, आम्हा पिशव्यांना कोरडं ठेवा, आमची बक्कलं तपासा. आणि कुणी तुमच्या काळजीपोटी भडक पट्टी शिवून दिली, तर लाजून ती आत दुमडू नका.