पाकिटातलं मत

"तुमचं मत झालंय, मावशी," मतदान केंद्रात पुढारी आप्पासाहेबांचा एजंट म्हणून बसलेला छगन यादीतून मान वर न काढता म्हणाला.

भागिरथीबाईंनी डावा हात त्याच्या नाकापुढं धरला. "झालं म्हनतोस, मग शाई कुठं हाय? बोट धुवायला मी धरनावर गेल्ते का?"

मागे रांगेत आम्ही आठ जणी पदर तोंडाला लावून हसलो.

भागिरथीबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची वाडी भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरात, मतदान खालच्या गावच्या शाळेत. दर निवडणुकीला आप्पासाहेबांचा टेम्पो येऊन पुरुषांना न्यायचा. आमची मतं आप्पासाहेबांच्या घरच्या बायकाच टाकून मोकळ्या व्हायच्या. सासूबाई वारल्या तोवर यादीप्रमाणे त्यांनी आठ वेळा मत दिलं होतं, आणि शाळा एकदाही पाहिली नव्हती.

पंच्याण्णव साली बाई साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या. चावडीवरच्या यादीत स्वतःचं नाव वाचून आल्या आणि म्हणाल्या, "नाव माझं हाय, तर जाईन बी मीच." म्हणून टेम्पोच्या आधी, उजाडताच आम्ही पायी निघालो होतो. पण यादीत वाडीतलं पहिलं नाव बाईंचं. केंद्र उघडताच कोणीतरी तेवढं उरकून घेतलं होतं.

केंद्रावरचे साहेब उठून आले. त्यांनी आप्पासाहेबांच्या त्या माणसालाच, छगनला विचारलं, "भागिरथीबाई ह्याच का?"

छगननं मान खाजवली. "ह्यांच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात साहेब. न्हाई कसं म्हनू?"

साहेबांनी बाईंच्या बोटाला शाई लावली, वेगळी मतपत्रिका काढली. "बाई, ही पेटीत जात नाही. लाख लावलेल्या पाकिटात बंद राहते, मोजत नाहीत. कोर्टानं मागितली तरच उघडतात. द्यायचंय मत?"

बाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "एवढी चालून आले ती काय शाळा बघाया?"

आडोशाला त्यांना बराच वेळ लागला.

"मावशी, शिक्का मारायचाय, रांगोळी न्हाई काढायची," छगन म्हणाला.

"तीस वर्सांचं ऱ्हायलंय. थांब जरा."

आमची आठ मतं पेटीत पडली. परतताना सगळ्या एकमेकींची बोटं बघत होत्या. बाई मागे चालत होत्या.

मी विचारलं, "बाई, वाईट वाटलं का?"

"वाटलं की," त्या म्हणाल्या, आणि चार पावलांनी हसल्या. "पर तुमची मतं गेली गर्दीत. माझं एकटं ठिवलंय, लाख लावून."

पुढच्या निवडणुकीला टेम्पो आला तेव्हा छगन खालूनच ओरडला, "आधी बाया बसा." बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. शाळेत त्यांनी घडी केलेला कागद पेटीत सोडला आणि तिथंच वाकून, तो तळाला पोचल्याचा आवाज येतो का, ते ऐकत राहिल्या.