नियांगतासेरची पहिली टोपली

चार वर्षांनी नियांगतासेर जमिनीतून वर आले त्या संध्याकाळी द्रोसिला आपल्या सुपारीच्या बागेत बॅटरी घेऊन उभी होती, आणि तिच्या पायाशी काहीच हलत नव्हतं.

वरच्या बांबूच्या रानात मात्र जत्रा भरली होती. पोरांच्या किंकाळ्या, बायकांचं हसणं, “इकडे ये, इकडे!” अशा हाका खालपर्यंत ऐकू येत होत्या. तिथे प्रत्येक बांबूवर मातकट किडे रांगेने चढत असणार, त्यांची पाठ उकलत असणार आणि आतून पांढरे, ओले, मऊ नियांगतासेर बाहेर येत असणार. खायचे तर पंख सुकायच्या आत ते उचलावे लागतात. एकदा पंख वाळले की ते शेंड्यावर जातात, दोन-तीन आठवडे कान किटवणारं गातात आणि मरतात. मग पुन्हा चार वर्षं मातीकडे बघत बसायचं. हे सगळं द्रोसिलाला न बघता दिसत होतं. ते रान तिच्या धाकट्या बहिणीचं होतं, फिदालियाचं.

“काही नाही गं इथे,” तिचा नवरा स्टेरिंग दोन झाडं सोडून म्हणाला. “सुपारीचं झाड आणि विजेचा खांब सारखेच. खांबावर निदान पाकोळ्या तरी येतात.”

“तू गप्प बस.”

“मी गप्पच आहे. बाग तुझी, सुपारी तुझी. मी आपला पाणी घालणारा.” तो थांबला. “वर्ल्ड कप जवळ आलाय. ब्राझीलचा झेंडा लावायला एक बांबू हवा होता. फिदाकडे मागू का?”

द्रोसिलाने बॅटरीचा झोत सरळ त्याच्या तोंडावर मारला. त्याने विषय सोडला.

हा उतार आधी सगळा बांबूचाच होता. मेईने, म्हणजे आईने, मुलींमध्ये वाटणी केली तेव्हा खालचा अर्धा भाग थोरल्या द्रोसिलाला दिला. वरचा भाग, घर, चूल, आणि मेई स्वतः, हे सगळं धाकटीकडे गेलं. त्यात मेईने काही वेगळं केलं नव्हतं. त्यांच्यात घर धाकट्या मुलीचंच असतं, मेईलाही ते तिच्या आईकडून असंच मिळालं होतं. द्रोसिलालाही हे जन्मापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि रोज सकाळी वरच्या घरातून निघणारा धूर बघणं वेगळं.

गेल्या खेपेचे नियांगतासेर संपले त्याच हिवाळ्यात तिने खालचा सगळा बांबू तोडला, जाळला आणि सुपारी लावली. सुपारीला पैसा आहे. फिदाचं रान म्हणजे आळशाचं रान, असं ती चारचौघींत म्हणायची. बांबू तोडताना फिदा एकदाच खाली आली होती. “काँग,” ती थोरलीला म्हणाली होती, “मुळांना लागून त्यांची पिल्लं असतील ना आता? ती काय खातील?”

“मग काय, किड्यांसाठी जमीन पडीक ठेवू? तुला बरं आहे बाई. तुला सगळं आयतं.”

त्यावर फिदा काही बोलली नव्हती. ती बोलत नाही, हेही द्रोसिलाला खुपायचं.

फिदाला आयती न मिळालेली एकच गोष्ट होती. नियांगतासेर निघाले की पहिल्या संध्याकाळी जी मुलगी आधी टोपली भरेल, तिच्या हातचे मेई पहिल्यांदा खायची. आणि ती टोपली दर खेपेला द्रोसिलाचीच असायची. फिदाला किड्यांची भीती. लहानपणी ती दगडावर उभी राहून रडायची आणि द्रोसिला दोन्ही हातांनी वेचत सुटायची. मेई म्हणायची, “हिचे हात बघा, जणू भात टिपणारी चिमणी.” घर, रान, मेई, सगळं धाकटीकडे गेलं, पण पहिली टोपली द्रोसिलाची होती. आणि मेईचे पाय गेल्या पावसाळ्यात गेले होते. पुढची चार वर्षं कुणी बघितली आहेत?

“काँग!” वरून फिदाची हाक आली. “वर ये की! इथे पाय ठेवायला जागा नाही. मेईने अजून तोंडात काही घातलेलं नाही. तुझ्या टोपलीसाठी अडून बसलीये.”

वर कुणीही वेचावं, कुणाच्याही रानात वेचावं. गावात त्याला आडकाठी नव्हती. पण धाकटीच्या रानात वेचायचे आणि धाकटीच्याच चुलीपाशी नेऊन द्यायचे? मग थोरलीने दिलं काय? मजुरी?

“माझ्याकडेही निघालेत!” द्रोसिला ओरडली. “टोपली भरत आली. मेईला सांग, आलेच.”

स्टेरिंगने आधी जमिनीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“घरी जा,” ती म्हणाली, “आणि तांदूळ निवड.”

तिने बॅटरी विझवली आणि ओहोळाच्या कडेने, काटेरी वेताच्या जाळीतून, ती फिदाच्या रानाच्या मागच्या बाजूला शिरली. तिथे माणसं नव्हती. अंधारात तिला बॅटरीची गरजही नव्हती. बोट बांबूवरून वर सरकवलं की ओला मऊ जीव आपोआप तळहातात येत होता. मागून कुणाचा तरी खोकला ऐकू आला तेव्हा ती खाली बसली, आपल्याच आईच्या रानात, चोरासारखी. टोपली भरायला वेळ लागला नाही.

वरच्या घरात मेई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. चादरीत गुंडाळलेली, पाखराएवढी झालेली. नजर मात्र शाबूत होती.

“आली माझी चिमणी,” ती म्हणाली. “बघ गं फिदा, म्हटलं नव्हतं?”

फिदा दूर सरकून टोपलीत डोकावली आणि नेहमीसारखी शहारली. “हो मेई. तिच्यापुढे कोण जातंय?”

तव्यात मोहरीचं तेल तापलं, कांदा पडला, मिरची पडली. द्रोसिला पंख खुडत होती. टोपली फिदाच्या बाजूला होती. फिदाने दोन बोटांनी, किडा हाताला लागू नये अशी काळजी घेत, टोपलीतून एक वाळकी साल उचलली. बांबूची. सुपारीच्या बागेत अशी साल मिळत नाही. तिने ती चुलीत टाकली. द्रोसिलाच्या तोंडचं पाणी पळालं, पण फिदा कांदा परतत राहिली.

मेईने पहिला घास द्रोसिलाच्या हातून घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळला. त्या वेळी द्रोसिलाला जगात कुणाकडूनही काही नको होतं. फिदाकडे तिने एकदा, अगदी एकदाच, वळून पाहिलं.

“तुझ्याकडे आता काही उरलं नसेल असं वाटलं होतं,” मेई म्हणाली. “बांबू नाही, तरी निघाले म्हणजे नवलच. उद्या मला खाली घेऊन चल. आता हा शेवटचाच हंगाम माझा. तुझ्या बागेत बसून एक तरी आपल्या हाताने उचलीन.”

“तुझे पाय, मेई…”

“पाय कशाला? जावई आहेत ना दोन. इतकी वर्षं जेवतायत.”

द्रोसिला रात्रभर जागी होती. सकाळी तिने बागेत कुदळीने उकरून पाहिलं, एका झाडाखाली, मग दुसऱ्या. गांडुळं होती. कुजलेली बांबूची मुळं होती. आज संध्याकाळी वरून आणून सोडावेत, तर उजेड असेपर्यंत ते वर येत नाहीत. आणि उजेड गेल्यावर मेई इथे असेल.

मेई एकटी आली नाही. फिदाचा नवरा क्लिस तिला वेताच्या पाठखुर्चीत बसवून, कपाळाला पट्टा लावून, घाम गाळत खाली घेऊन आला, आणि द्रोसिलाकडे सुपारीतून नियांगतासेर निघतात ही बातमी कळल्यामुळे मागून निम्मं गाव आलं. शेजारचा म्हातारा बाह वोस तर स्टूल घेऊन आला होता.

“काय द्रोसिला,” तो म्हणाला, “तुझे किडे पण पान-सुपारी खातात वाटतं!”

सगळे हसले. सूर्य डोंगरामागे गेला. बॅटऱ्या लागल्या. सुपारीची खोडं एकेक करून उजळली, आणि सगळी गुळगुळीत, रिकामी.

“थोडा वेळ लागेल,” द्रोसिला म्हणाली.

“लागू दे,” मेई म्हणाली. ती खुर्चीत पुढे वाकून जमिनीकडे बघत होती, पोरं बघतात तशी. “मला कुठे जायचंय?”

फिदा तेवढी दिसत नव्हती. येईल कशाला, द्रोसिलाला वाटलं. वर बसून मजा बघत असेल. आत्ता कुणीतरी विचारणार, काल नक्की कुठल्या झाडाखाली निघाले म्हणून, आणि मग फिदा खाली येऊन त्या सालीचं सांगणार.

स्टेरिंगने तिची बाही ओढली. “मागे जा. स्वयंपाकघराच्या मागे. आत्ता.”

मागे, पाण्याच्या पिंपाआड, फिदा उभी होती. केस विस्कटलेले, कपाळावर काट्याचा ओरखडा, पाठीवर टोपली आणि टोपलीवर कापड. कापडाखाली सरसर चालू होती. तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत क्लिसचे फुटबॉलचे पिवळे मोजे चढवलेले होते.

“पटकन,” फिदा धापा टाकत म्हणाली. “हे अजून कात न टाकलेले आहेत. आत्ताच वर येऊ लागलेले धरले. तू समोर जाऊन मेईला बोलत ठेव. मी मागच्या रांगेत खोडांपाशी सोडते. आपोआप चढतील.”

द्रोसिला मोज्यांकडे बघत राहिली. “तू वेचलेस? एवढे?”

“डोळे मिटून वेचले. दोनदा ओकारी आली. एक तर माझ्या मानेत शिरला होता. आता बघत काय बसलीस काँग, चल ना!”

काल पकडली गेली असती तरी द्रोसिलाला इतकं लागलं नसतं. भीतीने थरथरणारी ही, ओकारी दाबून, मोजे घालून, आपली लाज राखायला टोपली भरून आली होती. आणि ही टोपली मातीवर रिकामी झाली की मेई आपल्या हाताने उचलणार, ते फिदाने दिलेलं. घर हिचं, रान हिचं, आई हिची. आता थोरलीची अब्रूसुद्धा हिच्याच हातची. ही कुणाला सांगणार नाही. कधीच सांगणार नाही. जन्मभर गप्प राहील, कांदा परतत.

“नको,” द्रोसिला म्हणाली.

“अगं पण…”

“तुझ्या उपकाराचा एक किडाही माझ्या झाडावर चढवायचा नाही. दे इकडे.”

तिने टोपली हिसकावून घेतली आणि पुढे गेली, लोकांच्या मधून, थेट मेईच्या खुर्चीपाशी. टोपली मेईच्या पायाशी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हे फिदाचे आहेत. तिच्या रानातले. माझ्याकडे एकही निघालेला नाही. आज नाही आणि काल नाही. काल मी मागून चोरून आणले होते.”

टोपलीतून एक किडा कापडाखालून बाहेर आला आणि मेईच्या चादरीवर चढू लागला.

“चोरून कशाला?” बाह वोस म्हणाला. “वेचायला कुणी बंदी केलीये का? सुपारीला कीड लागली नाही म्हणून रडणारी ही पहिलीच बघतोय मी.”

दोघं-तिघं हसले, मग बरेच. मेई हसली नाही. ती त्या किड्याकडे बघत होती.

“म्हणजे काल मी फिदाच्या रानातले खाल्ले.”

“हो.”

“पण वेचले तूच.”

“मीच.”

“ते दिसत होतं. एकाचाही पाय मोडलेला नव्हता.” तिने टोपलीवरचं कापड जरा उचललं. आत मोडलेल्या तंगड्याच तंगड्या होत्या. “हे बघ, हे फिदाचं काम.” मग तिने मान वर केली. “आणि मला या डासांत का बसवून ठेवलंय? वर चला. क्लिस!”

क्लिस उठायच्या आत द्रोसिला खुर्चीला पाठ लावून बसली होती. तिने पट्टा कपाळावर घेतला.

“काँग, चढ आहे,” फिदा म्हणाली. मोजे अजून तिच्या हातात होते. “थोडं तू ने, थोडं क्लिस…”

“बॅटरी धर.”

ती उठली. मेईचं वजन भरल्या टोपलीपेक्षा फार नव्हतं. ओहोळ ओलांडून ती बांबूत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंच्या काठ्यांवर ते चढत होते, पाठी उकलत होते, आणि बॅटरीच्या उजेडात पांढरे पंख ओल्या कागदासारखे उलगडत होते. मेईने हात लांबवला. एक उचलला. मग खांद्यावरून पुढे केला, तसाच जिवंत.

“धर. टोपली कुठाय तुझी?”

द्रोसिलाने तो तळहातात घेतला.

“फिदा कुठे आहे?” मेईने विचारलं.

“आहे मागे,” द्रोसिला म्हणाली आणि पावलं भरभर उचलू लागली. बॅटरीचा उजेड आता चार हात मागे पडला होता. फिदाच्या बॅटरीवाचून, एवढ्या अंधारातही मायलेकींना नीट दिसत होतं.