आट्यांचा जॅक

"दत्तराव, आजून वीतभर," आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, लॉरीखालून म्हणाले. "बास. आता धरून ठिवा."

दत्तरावांनी बैल थांबवले. सागाच्या तीन ओंडक्यांची तिपाई उभी करून तिला विहिरीवरचं मोटेचं चाक बांधलं होतं. चाकावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, गेला होता, एक टोक बैलांच्या जुवाला आणि दुसरं लॉरीच्या मागच्या दांडीला. जिंतूरच्या आबासाहेबांची कापसाची लॉरी होती ती. तिचं मागचं धूड अधांतरी लोंबत होतं, आणि त्याच्याखाली मालक पाठीवर पडून नटं सोडवत होते.

तेव्हा निझामाचं राज्य होतं. देवगाव फाट्यावरून दिवसाला चार मोटारी गेल्या तर डोक्यावरून पाणी. त्यातली एखादी हमखास बिघडायची आणि आमच्या दारात यायची. आमचा कारखाना म्हणजे घरामागचं अंगण. आधी मालकांनी गाडीखाली शिरायला खड्डा खणला होता. आमच्याकडची काळी माती कुणाच्या बापाचं ऐकते? पावसाळ्यात खड्ड्याची एक भिंत बसली आणि मालक छातीपर्यंत पुरले गेले. उकरून काढलं तर म्हणाले, "खड्डा न्हाई जमायचा. बैलानं उचलू." शेजारच्या दत्तरावांचे चार बैल मोटेचे, मुरलेले. जू घरचं, नाडा घरचा. मालक खुश होते.

बैल उन्हात ताटकळले होते. हरण्या नावाचा म्हातारा बैल जीभ बाहेर काढून धापा टाकत होता. मला त्यांची कीव आली. त्यांच्या मागेच जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. मी घागर उचलली आणि डोणीत ओतली.

आता यात काय चुकलं, ते मोटेवर राबलेल्यालाच कळेल. कातडी मोट भरून वर येते, थारोळ्यात पाणी खळाळून पडतं, आणि बैल मागं सरतात, म्हणजे मोट पुन्हा खाली जाते. दहा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. पाणी वाजलं की मागं सरायचं. चारही बैल एकदम मागं सरले.

लॉरी धाडकन खाली बसली. धुरळा उडाला. मी रिकामी घागर धरून उभी.

मग धुरळ्यातून आवाज आला. "धोतर आडकलं गं."

पाना लांब पडला होता, तो घ्यायला मालक लोळत बाहेर आले होते. धोतराचा सोगा तेवढा चाकाखाली राहिला. तो फाडूनच त्यांना सोडवावं लागलं. जमलेली माणसं हसली. जीव वाचला की माणसं अशीच खुळ्यासारखी हसतात. दत्तराव मात्र हसले नाहीत. थकलेला हरण्याच आधी मागं सरला असं वाटून त्यांनी आसूड काढला आणि त्याला झोडपलं.

"भुजंगा, माफ कर बाबा," ते रडवेले होऊन मालकांना म्हणाले. "ह्या बैलानं माझं नाव घालवलं. माझा बैल खोटा निघाला."

कुणाचंच घागरीकडे लक्ष नव्हतं. माझं मला कळत होतं. सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्याच्या जिवावर उठली म्हणतील, ही भीती. मी घरात जाऊन चुलीपुढं बसले आणि धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा बैलांची भाषा करायला लागले तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हणाले, "ह्या टायमाला हरण्याला वगळू."

"एकबी बैल न्हाई," मी म्हणाले. "माझा भाऊ रेल्वेत खलाशी हाय. आख्खा डबा लोखंडावर उचलत्यात म्हणं. तसलं आणा. न्हाईतर मी चुडाव्याला माहेरी चालले, ती परत यायची न्हाई."

कधी उलटून न बोलणारी बायको असं बोलली म्हणून असेल, मालक गपगुमान सेलूला येऊन आगगाडीत बसले.

चुडाव्याच्या स्टेशनाजवळ एका भंगारवाल्याकडे माझा भाऊ येडबा आम्हाला घेऊन गेला. तिथे दोन जुने जॅक होते. एक उंच, दातांचा. दांडी दाबली की कट्‌कट्‌ करत वर जायचा. दुसरा बुटका, गंजलेला, जाड आट्यांचा. त्याची दांडी गोल फिरवायची, आणि घाम निघाला की बोटभर वर. दगडांनी भरलेली एक बैलगाडी येडबाने दोन्हींवर आळीपाळीने उचलून दाखवली. मालकांचा जीव दातांच्यात गुंतला. नव्या नवरीकडे बघावं तसे बघत होते.

"दाजी, ह्यो लय चपळ हाय," येडबाही म्हणाला.

मी विचारलं, "हात सोडला तर?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "वजन वर आसताना हात सोडा की."

येडबाने दातांचा पुन्हा चढवला, दात अडवायची आडणी बसवली आणि हात सोडला. आडणीचं टोक झिजलेलं होतं. दोन दात घसरले, गाडी कचकन खाली आली. मग आट्यांचा लावला. हात सोडला. गाडी तिथेच. येडबाने गाडीला खांदा लावून हलवली, तरी आटे जागचे हलले नाहीत.

"येळ लागतोय," मालक नाराजीनं म्हणाले.

"लागू द्या," मी म्हणाले. "मला कुटं जायचंय?"

तोच घेतला.

अंगणात फरशी टाकून मालकांनी जॅक लॉरीखाली लावला. दांडी फिरवता फिरवता दुपार झाली. लॉरी उचलल्यावर त्यांनी वर बघितलं, दांडी सोडली आणि खाली शिरले. मी बाजूला बसले. लॉरी हलेना. छातीवरचा दगड उतरला तशी जीभही सुटली.

"आवं, त्या दिशी बैलाचं काई चुकलं नव्हतं. डोणीत पाणी मी वतलं."

नटाचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"म्हणून गप गप व्हतीस व्हय," खालून आवाज आला. "मला वाटलं, माझाच राग आलाय."

"तुमाला काई झालं आसतं म्हंजे?"

"न्हाई झालं की. आन् मोटंचे बैल, पाण्याचा आवाज... मला तरी कुटं सुचलं? पाना दे."

लॉरीखालून काळा, ग्रीसने माखलेला हात आला. मी पाना दिला. हात पाना घेऊन लगेच आत गेला नाही. माझी बोटं पान्यासकट धरून राहिला. मग मालक म्हणाले, "दत्तरावाला सांगून ये. त्यो जेवंना झालाय."

दत्तराव गोठ्याच्या दारात बसले होते. मी पदर सारखा केला आणि सगळं सांगितलं. कशी घागर उचलली, कशी ओतली, आणि कशी गप्प बसले. ते रागावतील म्हणून मान खाली घालून उभी होते.

"पाणी वाजलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"म्हंजे माझा बैल खोटा न्हवता."

"न्हाई, दत्तराव."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले, हरण्याच्या पाठीवरचे वळ तळव्याने चोळत उभे राहिले, आणि बराच वेळ त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते.