सहा नंबरचं जेवण

गेले चार दिवस आत्याच्या घरात कुणाला धड बसता येत नव्हतं. आत्याची भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सरावासाठी हाताला लागेल त्या माणसाला रुग्ण करून आडवं पाडत होती. वॉर्डातल्या मुली तिला मुंगी म्हणत, कारण तिचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नसे.

"मी सहा नंबर की सात?" काकांनी सोफ्यावरून विचारलं.

"तुम्ही गप्प पडा. तुम्हाला बोलायची मनाई आहे," आत्या म्हणाली.

"ती तर लग्नापासूनच आहे."

मुंगीला हसू आलं नाही. कामाची पाळी संपली की प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णाची माहिती तोंडी द्यायची, याला वॉर्डात ओव्हर देणं म्हणत. ऐकणाऱ्या सिस्टरने मुद्द्याची गोष्ट परत म्हणून दाखवायची आणि सांगणारीने "हो" म्हणायचं, अशी वॉर्डप्रमुख मोठ्या सिस्टरांची शिस्त होती. बाराही खाटांची ओव्हर नीट दिली तरच त्या मुंगीच्या वहीत सही करणार होत्या. सही नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय तिला कोण दारात उभं करणार?

पहिल्या वेळी तिचा आवाज तिसऱ्या खाटेपाशी बसला. दुसऱ्या वेळी पाचव्या खाटेपाशी रडूच फुटलं.

"तुला सगळं येतं गं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "पण मला ऐकू आलं पाहिजे ना! शुक्रवारी शेवटची संधी. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

शुक्रवारी बारा वाजता मुंगीने बाराही रुग्णांची माहिती कागदावर उतरवली आणि चादरींच्या खोलीत दार लोटून ती घोकून काढली. लहानपणापासून तिला एवढंच जमत आलं होतं. पाठ केलेलं असलं की तिची जीभ अडखळत नसे. तिने सात वेळा म्हटलं. सहाव्या खाटेचं तर गाण्यासारखं बसलं: "सहा नंबर, ताप नाही, ऑपरेशन उद्या, एक्स-रेमुळे जेवण राहिलंय, दोन वाजता द्यायचं."

दीड वाजता ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात फोन आला. तिनेच उचलला. सहा नंबरचं ऑपरेशन आजच पाचला घेतोय, त्याची फाइल आमच्याकडेच आहे, तोंडाने काही देऊ नका. तिने शिस्तीप्रमाणे परत म्हणून दाखवलं आणि फोन ठेवला. सहा नंबर तेव्हा झोपला होता. उठला की सांगू, असं म्हणून ती पुन्हा मनातल्या मनात एक नंबरपासून सुरू झाली.

दोनला दुपारपाळीच्या सिस्टर आल्या आणि ओव्हर सुरू झाली. मुंगीचे शब्द आपसूक येत होते. एक, दोन, तीन. पाचवी खाट गेली. सहाव्या खाटेपाशी ती न थांबता बोलली, आणि दुपारपाळीच्या सिस्टरांनी परत म्हटलं, "सहा, ऑपरेशन उद्या, जेवण आत्ता द्यायचं."

"हो," मुंगी म्हणाली. तिला स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना बरं वाटलं.

बारावी खाट संपली. मोठ्या सिस्टरांनी वही उघडून सही केली. "एवढा आवाज कुठे लपवला होतास गं?"

मुंगी वही छातीशी धरून जिना उतरली. पहिल्या वळणावर ताटांच्या गाडीचा खडखडाट ऐकू आला. गाडी लिफ्टमधून वर चालली होती. सहा नंबरचं राहिलेलं जेवण, ती मनात म्हणाली. आणि तिला दीडचा फोन आठवला.

ती कठडा धरून उभी राहिली. वर जाऊन सांगितलं तर सही जाणार. फोन करून निनावी सांगावं? कुणीतरी बघेलच की. भूल देणारे डॉक्टर विचारतीलच, काही खाल्लं का म्हणून. विचारतील ना? आणि तो माणूस घाबरून नाही म्हणाला तर? इतका सगळा विचार करायला तिला किती वेळ लागला ते तिलाही सांगता आलं नसतं, पण जिना चढताना ती पळत होती.

सहा नंबरच्या मांडीवर ताट होतं आणि पहिला घास हातात.

"खाऊ नका!"

सगळा वॉर्ड वळला. आवाज आपला होता हे मुंगीला एका क्षणाने कळलं.

"का? माझं काय चुकलं?" सहा नंबर चिडून म्हणाला. "सकाळपासून पोटात कावळे ओरडतायत!"

"तुमचं नाही. माझं चुकलं." तिचा श्वास पुरत नव्हता. "तुमचं ऑपरेशन... आजच आहे. पाचला. पोटात अन्न असलं तर भूल दिल्यावर ते उलटून... श्वासनळीत जाऊ शकतं. मला दीडला फोन आला होता. मी सांगितलं नाही."

"आज?" त्याचा घास हातातच राहिला. "माझी बायको उद्या येणार आहे."

"मी आत्ता फोन लावून देते त्यांना. चालेल?"

त्याने ताट स्वतःच बाजूला सारलं.

दुपारपाळीच्या सिस्टर सावकाश म्हणाल्या, "सहा, ऑपरेशन आज पाचला, तोंडाने काही नाही, घरी फोन."

"हो," मुंगी म्हणाली. या वेळी तिने प्रत्येक शब्द तपासून घेतला होता.

सहा नंबरचं बायकोशी बोलणं झालं. तोवर मोठ्या सिस्टर मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मुंगीने वही दिली. त्यांनी सहीवर आडवी रेघ मारली.

"फोन दीडला आला, मग दोनला काय बोलत होतीस?"

"बाराला पाठ केलेलं."

मोठ्या सिस्टर घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "शुक्रवार अजून संपलेला नाही. कागद दे इकडे. आणि एकपासून सुरू कर."

"पण मला आता काहीच आठवत नाहीये."

"आठवायला कोण सांगतंय? बघ आणि बोल."

मुंगी पहिल्या खाटेपाशी गेली. म्हातारे आजोबा तिच्याकडे बघत होते, त्यांचं पांघरूण सरकलं होतं, आणि सलाईनच्या सुईभोवतीचा हात सकाळपेक्षा सुजल्यासारखा दिसत होता. तिने हलकेच बोट लावून पाहिलं.

"एक नंबर," ती म्हणाली, आणि अडखळली. "थांबा. हा हात... हा मघाशी असा नव्हता."