मैमूनानं पाहिलेली शर्यत

अजमतला सायकल चालवायचा पगार मिळतो, हे ऐकून लोक हसायचे. हसणाऱ्याचं काय जातं? काकासाहेबांच्या जिनिंगमध्ये मी मिस्त्री. शर्यतीच्या दोन्ही सायकली माझ्याच हाताखालून जायच्या. त्या पगारासाठी तो माणूस रक्ताचं पाणी करत होता.

जालना ते अंबड अशी दरसाल शर्यत असायची. तीत काकासाहेबांचा मुलगा बद्रीनाथ पहिला यावा, एवढंच अजमतचं काम. सगळा रस्ता पुढं राहून समोरचा वारा आपल्या छातीवर घ्यायचा, त्याच्या आडोशानं बद्रीनाथनं दम राखायचा, आणि वेशीवरचं निशाण दिसलं की अजमतनं डावीकडं सरून वाट द्यायची. वर्षानुवर्षं तो सरत राहिला. हार बद्रीनाथच्या गळ्यात.

त्याच्या बायकोला, मैमूनाला, मोहल्ल्यातल्या बाया ‘दुसऱ्या नंबरवाली’ म्हणायच्या. मग अजमतचा गुडघा जायला लागला. शेवटच्या शर्यतीआधी त्यानं बद्रीनाथचा हात धरला.

“एकदा तिच्यासमोर पहिला येऊ द्या, मालक.”

बद्रीनाथ दिलदार. म्हणाला, “बिलकुल. तू निघ, मी मागं राह्यतो. बाबांचं मी बघून घेईन.”

मैमूनाला पडद्याच्या छकड्यातून मीच अंबडला नेलं. वेशीपाशी थांबलो. अजमत एकटाच पुढं आला, बद्रीनाथ बराच मागं. मैमूनानं चारचौघांत पडदा बाजूला केला. मी बोंबललो, “अजमत, मार जोर!”

निशाण दिसलं आणि गडी डावीकडं सरला! पाय थांबवून मागं बघायला लागला. घाण्याचा बैल मोकळा सोडला तरी गोलच फिरतो. बद्रीनाथनं ब्रेक दाबले. “अरे निघ की, येड्या!” तेवढ्यात तिसराच कुणी दोघांना टाकून पुढं गेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

परतताना छकड्यात मैमूनानं विचारलं, “थक गये थे क्या जी?”

“नै.”

“फिर?”

“पाँवच रुक गये.”

तिला ते पटलं नाही. काकासाहेबांनी अजमतला काढलं. बद्रीनाथचं काही चाललं नाही. पुढं अजमत स्टेशनावर लंगडत कापसाच्या गाठी ढकलायचा, आणि घरात शर्यतीचं नाव निघालं की मैमूना उठून जायची.

अठ्ठेचाळीसच्या थंडीत तिनं अंथरूण धरलं. निजामी नुकतीच गेली होती, निम्मा मोहल्ला ओस पडला होता. बद्रीनाथ औषध घेऊन निघाला, सोबत मी.

दाराशी पोचलो तेव्हा ती अजमतला म्हणत होती, “अब तो सच बोलो. किसने रोका था?”

खरं तर अजमत ते त्या दिवशी छकड्यातच बोलला होता.

दारातून बद्रीनाथ म्हणाला, “मैंच रोका था, भाबी.”

मैमूनाचा चेहरा उजळला. “मेरे कू मालूम था. नै तो येच पहले आते.” तिनं अजमतचा हात हातात घेतला. तो काही बोलणार, तर बद्रीनाथनं मान हलवून त्याला गप्प केलं.

मग तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. बद्रीनाथनं आणलेलं औषध तिनं मरेपर्यंत तोंडाला लावलं नाही.